सकाळी साडेसहाची वादफेरी

बेंगळुरूच्या आउटर रिंग रोडवरील बेळ्ळंदूर या उपनगराचा अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीशी असलेला संबंध पोटाचा आहे, याची आठवण १९ सप्टेंबर २०२५ रोजी पुन्हा एकदा कडवटपणे करून दिली गेली. त्या दिवशी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एच-वन-बी, म्हणजे विशेष कौशल्याच्या परदेशी कर्मचाऱ्याला अमेरिकी कंपनीत ठरावीक मुदतीसाठी काम करू देणाऱ्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले; ते एकदाच भरायचे की दरवर्षी, आणि आधीपासून व्हिसा असलेल्यांनाही ते लागू आहे की काय, याचा उलगडा व्हायला आणखी एक दिवस गेला, आणि तेवढ्यात सुटीवर मायदेशी आलेले अनेक जण परतीच्या विमानाचे तिकीट शोधू लागले. शुल्क योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. असे निर्णय एका सहीने घेऊ शकणाऱ्या माणसाला मतदानापूर्वी प्रतिस्पर्ध्याशेजारी उभे करून दीड तास प्रश्न विचारण्याची वादफेरी नावाची जी एक सोय होती, ती मोडीत निघाल्यानंतरची ही पहिली कारकीर्द आहे, आणि म्हणून त्या सोयीचा, विशेषतः तिच्यातील शेवटच्या फेरीचा, मागोवा घेणे भाग आहे.

या प्रथेचा पूर्वेतिहास इतक्या वेळा सांगून झाला आहे की त्यात आता चव उरलेली नाही. १९६० मध्ये निक्सन घामाघूम दिसले आणि केनेडी ताजेतवाने, हे पाठ्यपुस्तकातही आले; त्यानंतरच्या तीन निवडणुकांत वादफेरी झालीच नाही; १९७६ मध्ये पिछाडीवरून झुंज देत आलेल्या जेराल्ड फोर्ड यांनी पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही असे सांगून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, तर १९९२ मध्ये थोरले बुश रिचमंडच्या फेरीत मनगटावरील घड्याळाकडे पाहताना पकडले गेले. वादफेरीमुळे निकाल फिरल्याचा दाखला म्हणून बहुधा १९८० चेच उदाहरण पुढे केले जाते, कारण त्या वर्षी कार्टर आणि रेगन यांची एकमेव भेट मतदानाच्या अवघा आठवडाभर आधी, २८ ऑक्टोबरला, क्लीव्हलँडमध्ये झाली. परंतु अपवादाला नियमाचे कपडे चढवण्याची समालोचकांची खोड जुनी आहे. १९८७ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून या फेऱ्यांसाठी एक कायमस्वरूपी आयोग स्थापन केला, ही त्या मानाने रुक्ष बाब खरी महत्त्वाची होती, आणि तिची किंमत आयोग बाजूला पडल्यावरच कळली.

बेळ्ळंदूरसाठी या प्रथेचे खरे दशक २०१२ ते २०२० हे होय. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे नऊ म्हणजे ऑक्टोबरात भारतात सकाळचे साडेसहा. रात्रपाळीच्या कॅब परतण्याची, शाळांच्या बस निघण्याची आणि दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खाण्याच्या स्वस्त उपाहारगृहात, इडलीचे पहिले घाणे उतरण्याची ती वेळ. पुण्याहून, नागपुराहून, कोल्हापुराहून येथे नोकरीस आलेल्या मराठी तरुणांसाठी ही फेरी पाहणे म्हणजे लोकशाहीचा अभ्यास वगैरे नव्हता. ज्या देशातील ग्राहकाच्या कामावर आपला पगार चालतो, त्या देशाचा धनी कोण होणार याचा तो कानोसा होता.

त्या दशकातील तिन्ही शेवटच्या फेऱ्यांपूर्वी पिछाडीवरील उमेदवाराबद्दल जे बोलले गेले, ते आज वाचण्यासारखे आहे. २०१२ मध्ये मिट रॉम्नी यांनी ३ ऑक्टोबरच्या डेन्व्हर फेरीत ओबामांना निष्प्रभ केले आणि जनमत चाचण्यांतील अंतर जवळजवळ पुसून टाकले. मात्र २२ ऑक्टोबरच्या बोका रॅटन येथील शेवटच्या फेरीत, जिथे विषय परराष्ट्र धोरणाचा होता आणि पाकिस्तानशी काडीमोड घ्यावा काय असा प्रश्नही आला, तिथे त्यांनी अनेक मुद्द्यांवर ओबामांच्या सुरात सूर मिसळला, आणि नौदलातील जहाजांची संख्या घटल्याची तक्रार केली तेव्हा घोडे आणि संगिनीही आता कमी झाल्या आहेत, हे उत्तर निमूटपणे ऐकून घेतले. सभ्यपणे हरण्याचा तो बहुधा शेवटचा नमुना ठरला.

२०१६ चा हिशेब मात्र अजून चुकता व्हायचा आहे. १९ ऑक्टोबरला लास व्हेगासमध्ये तिसरी फेरी सुरू झाली तेव्हा ट्रम्प सरासरीने सहा-सात टक्क्यांनी मागे होते, स्त्रियांविषयीचे त्यांचे ध्वनिमुद्रित उद्गार बाहेर येऊन दोन आठवडेही झाले नव्हते, आणि निकाल मान्य करणार का या प्रश्नावर त्यांनी उत्कंठा राखून ठेवतो अशा अर्थाचे उत्तर दिले, ज्यावर पंडितांनी त्यांचा शेवट जाहीर करून टाकला. प्रिन्स्टनचे सॅम वांग यांनी तर ट्रम्प यांना २४० हून अधिक निर्वाचक मते मिळाली तर कीटक खाऊन दाखवीन अशी पैज लावली होती. निर्वाचक मते म्हणजे राज्यनिहाय ठरणारी ती ५३८ मते, ज्यांच्या बहुमताने अध्यक्ष निवडला जातो. ट्रम्प यांना ३०४ मिळाली आणि वांग यांनी दूरचित्रवाणीवर कीटक खाल्ला, एवढे तरी त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. बाकीच्यांनी तेवढेही केले नाही. विजयाचे श्रेय मग त्याच लास व्हेगासच्या फेरीला देण्याचा उद्योग सुरू झाला, जो तितकाच पोकळ होता: फेरीनंतर नऊ दिवसांनी प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांच्या ईमेल-चौकशीविषयी एफबीआयच्या संचालकांचे पत्र आले, आणि देशभरात २८ लाखांहून अधिक मतांनी मागे राहिलेला उमेदवार मिशिगन, विस्कॉन्सिन व पेन्सिल्व्हेनिया या तीन राज्यांतील मिळून सुमारे ७८ हजार मतांवर तरला. तो निकाल बेळ्ळंदूरमध्ये ९ नोव्हेंबरच्या दुपारी एकच्या सुमारास पोहोचला, ज्या दिवशी बँका व एटीएम बंद होते आणि खिशातील पाचशेच्या नोटेला आदल्या रात्रीच्या नोटाबंदीपासून कोणी विचारीत नव्हते. एका दिवसात दोन धक्के पचवण्याची पाळी अमेरिकेवरही आली नव्हती.

चार वर्षांनी, २३ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी, नॅशव्हिलची फेरी घरून काम करणाऱ्या बेळ्ळंदूरने पाहिली. प्रत्येक विषयाच्या आरंभी दोन मिनिटे प्रतिस्पर्ध्याचा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याची तरतूद प्रथमच झाली आणि पिछाडीवरचे ट्रम्प अधिक संयमी दिसले, परंतु तोवर साडेचार कोटींहून अधिक मतदारांनी मत देऊन टाकले होते, त्यामुळे कोणाचे मन वळवायचे हाच प्रश्न होता. हवामानबदलाच्या चर्चेत त्यांनी चीन व रशियाबरोबर भारताचे नाव घेऊन येथील हवा घाणेरडी आहे असे म्हटले, तेव्हा भारतात संताप उसळला. संताप रास्तच होता. फक्त ज्या तलावाच्या नावाने हे उपनगर ओळखले जाते, तो सुमारे ९०० एकरांचा तलाव फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये चक्क पेटला होता, आग विझवायला लष्कराचे जवान उतरले होते, आणि यमलूरजवळ सांडपाण्याचा फेस वाहनांवर उडू नये म्हणून रस्त्याकडेला जाळी ठोकावी लागली होती, हे विसरून त्या संतापात सामील होणे येथील रहिवाशाला जरा अवघडच गेले असावे.

या तीन फेऱ्यांनी पिछाडीवरच्या कोणालाही तारले नाही, पण तिन्ही वेळा पुढे असलेल्यालाही उभे राहावे लागले, आणि आयोगाचे काम एवढेच होते. मागे असलेला वादफेरी मागतो आणि पुढे असलेला टाळतो, ही प्रवृत्ती जगभर सारखीच. २०२४ मध्ये दोन्ही पक्षांनी आयोगाला बगल देऊन वाहिन्यांशी परस्पर ठरवले: जूनमधील अटलांटाच्या फेरीने बायडेन यांची उमेदवारी संपवली, १० सप्टेंबरच्या फिलाडेल्फियात स्थलांतराची चर्चा सीमेवर आणि स्प्रिंगफिल्डमधील स्थलांतरित पाळीव प्राणी खातात या निराधार दाव्यावर अडकली, आणि ऑक्टोबरातील आणखी एका फेरीचे निमंत्रण बायडेन यांच्या जागी उमेदवार झालेल्या कमला हॅरिस यांनी स्वीकारले असता, हरलेला मुष्टियोद्धाच पुन्हा लढत मागतो असे सांगून ट्रम्प यांनी ते नाकारले. नोकरीच्या व्हिसाविषयी विचारता आले असते अशी शेवटची सकाळ त्यामुळे उजाडलीच नाही.

भारतात या पद्धतीचा मागमूस नाही. राष्ट्रपतीची निवड खासदार व आमदार करतात, म्हणून २००७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत भाजपचे पाठबळ असलेले भैरोंसिंह शेखावत पिछाडीवर गेले ते कोणत्या वादात हरून नव्हे. भाजपची मित्र असलेल्या शिवसेनेने मराठीपणाच्या नावाने प्रतिस्पर्धी प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला तेव्हाच शेखावत यांची उरलीसुरली आशा मावळली. पंतप्रधानपदासाठी मे २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर व अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी व राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचे पत्र लिहिले. पिछाडीवरील पक्षाने होकार कळवला, चर्चा झाली नाही. खुद्द बेळ्ळंदूरची स्थिती याहून साधी आहे: महापालिकेची शेवटची निवडणूक ऑगस्ट २०१५ मध्ये झाली, नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली, २०२२ च्या पुरात येथील कर्मचारी ट्रॅक्टरवर बसून कार्यालयात गेले तेव्हा जाब विचारायला नगरसेवक नव्हता, आणि २०२५ च्या सप्टेंबरात महापालिकेचे पाच तुकडे होऊन हा भाग पूर्व महापालिकेत गेला तोही प्रशासकांच्याच हाताखाली. त्याच महिन्याच्या २१ तारखेला, भारतीय वेळेनुसार सकाळी साडेनऊनंतर एका मिनिटाने, एक लाख डॉलरचे शुल्क अमलात आले.