विंडोज फोनची दहा वर्षं

फेब्रुवारी 2014 मध्ये सत्या नाडेला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख झाले आणि त्यांच्या हैदराबादला कोण आनंद झाला! पण बेगमपेटच्या हैदराबाद पब्लिक स्कूलच्या या विद्यार्थ्याकडे एक अवघड वारसाही आला होता. नोकियाचा फोन-व्यवसाय सात अब्ज डॉलरहून अधिक मोजून घ्यायचं आदल्या सप्टेंबरातच ठरलं होतं. कंपनीतल्या चर्चेत आपण या खरेदीच्या विरोधात मत दिलं होतं, असं नाडेलांनी पुढे ‘हिट रिफ्रेश’ या पुस्तकात लिहिलं.

मायक्रोसॉफ्टला उशीर झाला म्हणून विंडोज फोन बुडाला, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. 2010 चा विंडोज फोन 7 देखणा होता, वेगळा होता. मात्र जुन्या विंडोज मोबाइलची ॲप्स त्यावर चालत नव्हती. दोनच वर्षांत विंडोज फोन 8 आला. त्याचा गाभाच बदललेला, त्यामुळे काही महिन्यांपूर्वी नोकियाचा महागडा ल्युमिया 900 घेतलेल्यांनाही तो मिळाला नाही. 2015 च्या विंडोज 10 मोबाइलनं पुन्हा तेच केलं: बरेच जुने ल्युमिया मागेच राहिले. दर वेळी ग्राहकाचा विश्वास उडाला आणि ॲप बनवणाऱ्यांना नव्यानं मांडामांड करावी लागली. कंपनीनं एकच वाट धरून ठेवली असती तर?

भारतात तर या फोनला जागा होती. ल्युमिया 520 अवघ्या 512 एमबी रॅमवर सुरळीत चाले, नेट नसतानाही नकाशा दाखवी. 2014 मध्ये छोट्या उपकरणांसाठी परवाना-शुल्क माफ झालं, तेव्हा मायक्रोमॅक्स आणि हैदराबादची सेलकॉनही या फोनांत उतरल्या. पण ॲप्सचा दुष्काळ हटला नाही. मायक्रोसॉफ्टनं बनवलेलं यूट्यूबचं ॲप तर गूगलनं 2013 मध्येच अडवलं होतं.

जुलै 2015 मध्ये नाडेलांनी नोकियाच्या खरेदीपायी 7.6 अब्ज डॉलर तोट्यात टाकले, 7,800 नोकऱ्या गेल्या. निर्णय कठोर होता, पण मला तो योग्यच वाटतो. दुसरी वाट त्यांनी आधीच धरली होती. प्रमुख झाल्यावर दोन महिन्यांच्या आतच त्यांनी ॲपलच्या आयपॅडवर ऑफिस आणलं. 1998 पासून हैदराबादेत विकासकेंद्र चालवणाऱ्या या कंपनीच्या भारतातल्या चमूंनीही कायझालासारखी ॲप्स अँड्रॉइड आणि आयफोनसाठीच घडवली. टू-जीवरही चालणारं कायझाला आंध्र प्रदेश सरकारनं वापरलं. डिसेंबर 2019 मध्ये विंडोज 10 मोबाइलचा आधार थांबवायला कंपनीनं सुरुवात केली. पुढच्याच वर्षी तिनं सरफेस ड्युओ हा स्वतःचा फोन काढला, तोही अँड्रॉइडवर.