कॅमेरा निवडताना



'कॅमेरा' आणि आपण घरात बोलतो तो 'कमरा' हे दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत, हे तुम्हांला माहीत आहे का? लॅटिन भाषेत 'कॅमेरा' म्हणजे खोली. पोर्तुगीज लोकांबरोबर हा शब्द आपल्या देशात आला आणि 'कमरा' झाला. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी बसरा शहरात जन्मलेल्या इब्नुल हैसम या शास्त्रज्ञाने अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला होता. आजचा कॅमेराही एक अंधारी खोलीच आहे. फक्त खोली लहान झाली, छिद्राच्या जागी भिंग आले आणि समोरच्या भिंतीच्या जागी आधी फिल्म व नंतर 'सेन्सर' आला. सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी छोटी पट्टी.

खिशात मावेल असा, फार स्वस्त नाही आणि फार महागही नाही, असा डिजिटल कॅमेरा घ्यायचा झाला, तर तो कसा निवडावा? या बाबतीत मी स्वतः एकदा चुकलो आहे. म्हणून आधी ती चूक सांगतो.

२००८ साली मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दहावीत शिकत होतो. त्या वर्षी आमच्या शाळेचे शिपाई निवृत्त होणार होते. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणत असू. आमच्यातल्या कितीतरी मुलांच्या वडिलांनीही त्यांचीच घंटा ऐकली होती. त्यांच्या निरोप समारंभाच्या निमित्ताने शाळेसाठी एक कॅमेरा घ्यायचे ठरले. शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून नऊ हजार रुपये जमवले. एक सर आणि आम्ही दोन विद्यार्थी एस.टी.ने यवतमाळला गेलो.

दत्त चौकाजवळच्या एका दुकानात शिरलो आणि आमचे डोळे दिपले. कॅनन, निकॉन, सोनी, कोडॅक, ऑलिंपस, पॅनासॉनिक, सॅमसंग! काचेच्या कपाटात चंदेरी, काळे, लाल असे तीसएक कॅमेरे मांडलेले होते. प्रत्येकावर एक आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला होता. सात मेगापिक्सेल, आठ मेगापिक्सेल, दहा मेगापिक्सेल. सरांनी आमच्याकडे पाहिले. मी पटकन म्हणालो, "सर, दहावाला घेऊ या." त्याच किमतीचा सात मेगापिक्सेलचा एक जाडसर, साधा कॅमेरा शेजारीच होता. त्याच्याकडे आम्ही वळूनही पाहिले नाही.

समारंभ संध्याकाळी होता. त्या काळात लोडशेडिंग फार असे. ऐन सत्काराच्या वेळी वीज गेली. दोन कंदिलांच्या उजेडात हेडमास्तर साहेबांनी चाचांच्या खांद्यावर शाल घातली. चाचांनी सर्वांना सलाम करण्यासाठी हात उचलला आणि मी बटण दाबले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो ठीक वाटला. दुसऱ्या दिवशी कागदावर छापून आणला, तेव्हा समजले. शाल दिसत होती. खुर्ची दिसत होती. चेहऱ्याच्या जागी मात्र एक धुरकट डाग होता.

चार वर्षांनी चाचा वारले. त्यांची मुलगी शाळेत आली आणि सरांना म्हणाली, "अब्बांचा सत्काराचा फोटो असेल ना तुमच्याकडे? घरी त्यांचा एकही चांगला फोटो नाही." सरांनी तो फोटो तिला दिला नाही. त्यांना तो देववला नाही. पुढे त्यांनीच मला ही गोष्ट सांगितली.

मित्रांनो, कॅमेरा खराब नव्हता. दुकानदाराने फसवले नव्हते. कॅमेऱ्याचे दहा मेगापिक्सेल खरोखरच दहा होते. चूक आमची होती. आम्ही एकच आकडा पाहिला आणि तो आकडा आमच्या कामाचा नव्हता.

हा मेगापिक्सेल आहे तरी काय? डिजिटल फोटो हा बारीक बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. १९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीचे अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याच्या चित्रात १०० गुणिले १००, म्हणजे फक्त १०,००० पिक्सेल होते. एक काळे-पांढरे चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तेथून सुरुवात झाली, म्हणून पिक्सेल वाढणे ही त्या काळी प्रगतीच होती.

पण आपल्याला किती पिक्सेल लागतात? वही काढा आणि हिशेब करा. चांगल्या छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके पुरतात. नेहमीचा फोटो ६ इंच लांब आणि ४ इंच रुंद असतो. ६ गुणिले ३०० म्हणजे १,८००. ४ गुणिले ३०० म्हणजे १,२००. दोन्हींचा गुणाकार २१,६०,०००. म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलही लागत नाहीत! शाळेच्या भिंतीवर लावायचा १० इंच लांब आणि ८ इंच रुंद फोटो घेतला, तरी ७२ लाख पिक्सेल पुरतात. आम्ही नाकारलेला कॅमेराही जवळजवळ तेवढेच देत होता.

मग फोटो बिघडला कशामुळे? उजेड कमी पडला म्हणून. उजेड कमी असला, की कॅमेऱ्याला आपली खिडकी जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. तेवढ्या वेळात आपला हात हलतो किंवा समोरचा माणूस हलतो आणि चित्र फराटते. अशा वेळी कॅमेरा किती उजेड गोळा करू शकतो, हे दोन गोष्टींवर अवलंबून असते.

पहिली गोष्ट सेन्सरचा आकार. पावसात अंगणात वाट्या मांडून ठेवल्या आहेत, अशी कल्पना करा. त्याच अंगणात सात वाट्यांऐवजी दहा लहान वाट्या दाटीवाटीने मांडल्या, म्हणून पाऊस जास्त पडत नाही. उलट प्रत्येक वाटीत पाणी कमी जमते. जास्त पाणी हवे असेल, तर अंगणच मोठे हवे. सेन्सर हे ते अंगण आहे आणि पिक्सेल या वाट्या आहेत. बहुतेक लहान कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे ६.२ मिलिमीटर लांब आणि ४.६ मिलिमीटर रुंद असतो. त्याचे क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मिलिमीटर भरते. काही कॅमेऱ्यांत १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा सेन्सर असतो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११६ चौरस मिलिमीटर, म्हणजे चौपट होते. या मोठ्या सेन्सरला बाजारात 'एक इंची' म्हणतात. पण तो एक इंच नसतो, हे तुम्ही आकड्यांवरून ओळखलेच असेल. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांवरून आले आहे. म्हणून नावावर जाऊ नका, मिलिमीटर विचारा.

दुसरी गोष्ट भिंगाचे तोंड. भिंगाच्या कडेवर 'एफ' अक्षराजवळ किंवा '१:' या खुणेनंतर २, २.८, ३.५ असे आकडे छापलेले असतात. येथे नियम उलटा आहे. आकडा जितका लहान, तितके तोंड मोठे. एफ ४ पेक्षा एफ २.८ चे भिंग दुप्पट उजेड आत घेते आणि एफ २ चे चौपट. हा आकडा दुकानात कोणालाही न विचारता वाचता येतो.

आता झूम. झूम दोन प्रकारचा असतो. खऱ्या झूममध्ये भिंगे पुढेमागे सरकतात आणि दूरची वस्तू जवळ दिसते. डिजिटल झूममध्ये कॅमेरा चित्राचा मधला भाग कापून ताणतो. लहान रुमाल ताणून चादर होत नाही, तसेच हे आहे. म्हणून फक्त खरा झूम मोजावा. मात्र लांबवर झूम केल्यावर बहुतेक लहान कॅमेऱ्यांत भिंगाचे तोंड लहान होते आणि उजेड कमी येतो, हेही ध्यानात ठेवावे.

काही कॅमेऱ्यांत हात हलला तरी चित्र स्थिर ठेवण्याची सोय असते. ती उपयोगी आहे. पण ती आपल्या हाताचे हलणे सावरते, समोर धावणाऱ्या मुलाचे नाही.

आज मी स्वतः शिक्षक आहे. गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी आमच्या शाळेला कॅमेऱ्यासाठी पैसे दिले. तेव्हा नववीच्या एका मुलीने विचारले, "सर, मोबाइल असताना कॅमेरा कशाला?" प्रश्न अगदी योग्य होता. जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली कंपन्यांनी १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते. २०२३ साली ही संख्या ८० लाखांच्याही आत आली. बहुतेक लोकांचे काम मोबाइलवर भागते. तुमचेही भागत असेल, तर कॅमेरा न घेणे हीच उत्तम निवड आहे.

आमच्याकडे दोन कारणे होती. विद्यार्थी शाळेत मोबाइल आणत नाहीत, म्हणून सर्वांना हाताळता येईल अशी वस्तू हवी होती. शिवाय सहलीला पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात गेल्यावर दूरच्या पक्ष्यांचे फोटो घ्यायचे होते. त्यासाठी खरा झूम हवा होता.

आम्ही कपाटापासून नाही, कागदापासून सुरुवात केली. मुलांनी कागदावर तीन रकाने पाडले. फोटो कशाचे? उजेड कसा? फोटो पुढे कोठे लागणार? उत्तरे मिळाल्यावर बाजारातली गर्दी आपोआप ओसरली. इंटरनेटवर अनोळखी नावांचे '४८ मेगापिक्सेल' किंवा '६४ मेगापिक्सेल' असे लिहिलेले स्वस्त कॅमेरे दिसले. अशा पुष्कळ कॅमेऱ्यांत खरे पिक्सेल थोडे असतात आणि उरलेले कॅमेरा अंदाजाने भरतो. ते आम्ही गाळले. जुने, वापरलेले कॅमेरेही स्वस्त मिळत होते. पण ज्यांची बॅटरी आता मिळत नाही, तेही गाळले. शेवटी तीनच उरले.

मग ते तिन्ही दुकानात जाऊन पाहिले. आपले स्वतःचे मेमरी कार्ड बरोबर नेले. दुकानाच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात एका मुलाला हात हलवायला सांगून फोटो काढले. दारात उन्हात जाऊन पडदा नीट दिसतो का, ते पाहिले. सुरू केल्यापासून पहिला फोटो निघायला किती वेळ लागतो, तेही मोजले. सगळे फोटो घरी संगणकावर मोठे करून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी निर्णय घेतला. सर्वांत जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा त्यात तिसरा आला.

खरेदी करताना आणखी काही गोष्टी पाहाव्या. खोक्यावरची कमाल किंमत वाचावी. त्यापेक्षा जास्त पैसे देऊ नयेत. पक्के बिल घ्यावे. कॅमेऱ्यावरचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का आणि तारीख असावी. बिल नसेल, तर पुढे तक्रार सिद्ध करणे कठीण जाते. आपल्या देशात १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २०२० पासून लागू आहे. त्यानुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. १९१५ या क्रमांकावर फोन करून सल्लाही घेता येतो.

मित्रांनो, उद्या तुम्ही सायकल घ्याल, पंखा घ्याल, शेतासाठी पंप घ्याल. प्रत्येक खोक्यावर एक आकडा मोठा छापलेला असेल. तो आकडा खोटा असेलच असे नाही. पण तो तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे का, एवढे विचारा. त्यासाठी आधी तुमचा प्रश्न ठरलेला असला पाहिजे.

चाचांचा तो फोटो अजून शाळेच्या दप्तरात आहे. त्यात शाल स्पष्ट दिसते.

स्वाध्याय

१. लेखकाच्या मते २००८ साली कॅमेरा निवडताना कोणती चूक झाली?
२. अंगण आणि वाट्या यांच्या उदाहरणातून लेखकाने काय समजावले आहे?
३. १२ इंच लांब आणि ८ इंच रुंद फोटो छापण्यासाठी किती पिक्सेल लागतील? हिशेब करून सांगा.
४. "चाचांचा तो फोटो सरांना देववला नाही." असे का झाले असावे? चार-पाच वाक्यांत लिहा.
५. तुमच्या घरी घ्यायच्या एखाद्या वस्तूसाठी तीन प्रश्न तयार करा आणि त्यांची उत्तरे घरातील मोठ्या माणसांना विचारून लिहा.