लग्नाची पत्रिका आणि मताची चिठ्ठी एकाच महिन्यात: लग्नसराईतल्या आचारसंहितेत काय चालतं, काय नाही?

पौड : चैत्र लागला की मुळशीत माणूस घरी सापडत नाही. आज या गावची यात्रा, उद्या भावकीतलं लग्न, परवा साखरपुडा, मध्येच हरिनाम सप्ताह आणि कुस्त्यांचा आखाडा. त्यात दर पाच वर्षांनी लोकसभेची निवडणूक येऊन पडते. मग कोणाच्या मांडवात कोण आलं, कोणी किती आहेर केला आणि कोण कोणाशेजारी जेवायला बसलं, याचाही हिशोब गावात ठेवला जातो. या गर्दीत नियम काय आहेत हे ठाऊक नसलं तर लग्नघराची धावपळ होते.

सगळं उन्हाळ्यातच का?

मुळशी हा भाताचा तालुका. दिवाळीच्या आसपास भात घरात येतो. उन्हाळ्यात राब भाजून झाले की रोहिणीच्या पेरणीपर्यंत हाताला थोडी उसंत असते. एकदा पाऊस लागला की इथे मांडव घालायची सोय नाही आणि आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात लग्नाचे मुहूर्तही नसतात. म्हणून यात्रा, लग्नं, पाहुणचार सगळं याच दोन-अडीच महिन्यांत उरकावं लागतं.

निवडणूक मात्र पूर्वी कायम उन्हाळ्यात नव्हती. १९९९ ची लोकसभा निवडणूक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाली होती. पुढे फेब्रुवारी २००४ मध्ये लोकसभा मुदतीआधीच विसर्जित झाली आणि एप्रिल-मेमध्ये मतदान झालं. लोकसभेची मुदत पाच वर्षांची असल्याने २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या चारही वेळा निवडणूक उन्हाळ्यातच आली. पौड भाग भोर विधानसभेतून बारामती लोकसभा मतदारसंघात येतो. इथे २०१४ ला १७ एप्रिल, २०१९ ला २३ एप्रिल आणि २०२४ ला ७ मे रोजी मतदान झालं.

२०२४ ला आणखी एक गंमत झाली. पौडमध्ये ७ मे ला मतदान आणि इथलीच जी माणसं कोथरूडला राहायला गेली, त्यांचं पुणे मतदारसंघात १३ मे ला. एकाच घरातले दोन भाऊ, पण बोटाला शाई लागली सहा दिवसांच्या अंतराने. आचारसंहिता तर १६ मार्च ते ६ जून, म्हणजे जवळपास सगळी लग्नसराई.

बस्त्याचे पैसे नेताना

नाकाबंदीत सगळ्यात जास्त धसका असतो तो रोख रकमेचा. बस्ता लक्ष्मी रोडला, दागिने शहरात, मंडपवाला आणि आचारी रोखीत पैसे मागणारे. '५० हजारांच्या वर रक्कम दिसली की जप्त' असं सर्रास बोललं जातं. मूळ नियम थोडा वेगळा आहे. उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्षाचा कार्यकर्ता असलेल्या, तसंच प्रचाराचं साहित्य असलेल्या गाडीत ५० हजारांपेक्षा जास्त रोकड सापडली, किंवा मतदारांना वाटण्यासाठी असल्याचा संशय येईल अशा १० हजारांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू सापडल्या, तर त्या जप्त होतात. पण तपासणी सगळ्यांचीच होते आणि पैसे कशाचे हे तिथल्या तिथे सांगता आलं नाही तर साध्या माणसाचीही रक्कम अडकू शकते.

म्हणून पैसे नेताना बँकेतून काढल्याची पावती किंवा पासबुक, लग्नपत्रिका, कार्यालयाच्या बुकिंगची पावती आणि ओळखपत्र जवळ ठेवावं. दागिने नेताना बिल विसरू नये. जमेल तिथे पैसे ऑनलाइन किंवा चेकने दिलेले बरे.

तरीही रक्कम जप्त झाली तर आधी पावती मागून घ्यावी. अशा प्रकरणांसाठी जिल्ह्यात तीन अधिकाऱ्यांची समिती असते. गुन्हा दाखल नसेल आणि पैशाचा निवडणुकीशी संबंध नसेल, तर समिती रक्कम परत करण्याचा आदेश देते. गुन्हा दाखल नसताना मतदानानंतर सात दिवसांपेक्षा जास्त काळ प्रकरण लटकत ठेवता येत नाही. १० लाखांच्या वर रक्कम असेल तर आयकर विभागाला कळवलं जातं.

मांडवात नेते आले तर?

लग्नात पुढारी येणं, माइकवरून त्यांची नावं पुकारणं, शाल-श्रीफळ देणं ही आपल्याकडची रीतच झाली आहे. सत्काराच्या नादात मुहूर्त टळतो, नवरानवरी ताटकळतात आणि भटजी घड्याळाकडे बघत बसतात. आचारसंहितेत मात्र हा सत्कार अंगाशी येऊ शकतो.

उमेदवार साधा पाहुणा म्हणून लग्नाला आला, अक्षता टाकून गेला, तर जेवणाचा खर्च त्याच्या नावावर पडत नाही. पण त्यासाठी तीन गोष्टी लागतात. लग्न उमेदवाराच्या स्वतःच्या घरचं नसावं, त्याने खर्चात पैसे घातलेले नसावेत आणि मांडवात प्रचार नसावा. चिन्हाचे गमछे वाटले, मतं मागितली, तर तो कार्यक्रम प्रचाराचा समजून खर्च उमेदवाराच्या हिशोबात धरला जाऊ शकतो. लोकसभेसाठी ही मर्यादा २०२४ ला ९५ लाख रुपये होती. यात्रेतही देवळाचा वापर प्रचारासाठी करता येत नाही.

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा नियम निवडणूक नसतानाही लागू असतो. मतदान संपण्याच्या आधीच्या ४८ तासांत जाहीर प्रचार थांबतो आणि दारूविक्री बंद असते. या काळात बाहेरचे कार्यकर्ते मुक्कामी आहेत का, हे बघायला मंगल कार्यालयंही तपासली जातात. खऱ्या वऱ्हाडाने घाबरायचं कारण नाही, पण ओळखपत्र जवळ असावं.

जेवणावळ फुकटाची नसते

'त्यांनी जेवण दिलं, आपण जेवलो, त्यात काय?' असं वाटतं. कायद्यात मतासाठी पैसे किंवा वस्तू देणारा आणि घेणारा दोघेही दोषी असतात. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मतासाठी दिलेली जेवणावळही लाचच, तिला दंड आहे. असा प्रकार दिसला तर 'सी-व्हिजिल' ॲपवर फोटो-व्हिडिओ टाकून तक्रार करता येते. १९५० हा क्रमांकही आहे.

नव्या सुनेचं मत कुठे?

लग्नानंतर मुलीचं नाव आपोआप सासरच्या यादीत येत नाही. त्यासाठी फॉर्म ८ भरावा लागतो, ऑनलाइन किंवा गावच्या बीएलओकडे. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत अर्ज गेला, तरच त्या निवडणुकीसाठी विचार होतो. एप्रिलमध्ये लग्न आणि मे मध्ये मतदान असेल, तर बहुतेक वेळा मत माहेरीच द्यावं लागतं. दोन्हीकडे नाव ठेवणं मात्र बेकायदेशीर आहे. नवीन नाव नोंदवायचं असेल तर फॉर्म ६. त्यासाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार तारखांना १८ वर्षं पूर्ण झालेली धरली जातात.

भावकी तुटू नये म्हणून

१९२१ साली रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा जमिनी वाचवायला गावंच्या गावं एकत्र आली होती. २०२४ ला बारामतीत नणंद विरुद्ध भावजय अशी लढत झाली आणि अनेक घरांत दोन गट पडले. निवडणूक एका दिवसात होते, निकाल लागतो, खासदार दिल्लीला जातो. पण लावणीला इर्जिक करायला, आजारपणात गाडी काढायला आणि मयताला खांदा द्यायला शेजारचाच माणूस लागतो. त्यामुळे 'तो त्या पक्षाचा' म्हणून पत्रिका न देण्याआधी एवढा विचार करावा. मत गुप्त असतं, ते मांडवात सांगायची कोणावर सक्ती नाही.