दूर गेलेल्या शाखा, जपलेल्या वह्या

सुलतानपूरहून जालन्याच्या रस्त्याला लागलं की वाटेत किनगाव राजा आणि पुढे सिंदखेड राजा येतं. लखुजी जाधवरावांचं घराणं इथलं. १६२९ मध्ये देवगिरीवर लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव एकाच दिवशी मारले गेले. तरी वंश टिकला, पांगला. अचलोजींच्या वंशात सेनापती धनाजी जाधव झाले. त्यांचे पुत्र चंद्रसेन १७११ मध्ये शाहू महाराजांची बाजू सोडून गेले, पुढे निजामाकडे राहिले आणि त्यांची शाखा आज कर्नाटकात असलेल्या भालकीला स्थिरावली. लखुजींची लेक जिजाऊ; १२ जानेवारीच्या त्यांच्या जन्मोत्सवात वंशज आजही सिंदखेड राजाच्या राजवाड्यात पूजेला जमतात.

पण साध्या शेतकरी घरांच्या नोंदींचं काय? नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या त्यांच्यासाठीही आहेत. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की उपाध्याय आपली वही काढतात. कोण, कुणाबरोबर, कशासाठी आलं, हे तिथे लिहिलेलं असतं. जुन्या नोंदी बहुधा मोडी लिपीत. तिथे गेलात तर आपल्या पिढीची नावं जरूर लिहून या.

घरी वंशावळ करताना पुणे-मुंबईला गेलेल्यांचं मूळ गाव, कुलदैवत आणि आजीचं माहेर लिहा. लेकी-नातींची नावं अजूनही सर्रास गाळली जातात. जिजाऊंच्या मुलखात हे मुळीच चालू नये. लेकीचं सासर आणि तिची मुलंही त्याच कागदावर यावीत.