कोंड्याची किंमत

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' अशी मराठीत एक म्हण आहे. खरी भूक लागली, की माणसाला कोंडाही गोड लागतो. खरी झोप आली, की दगडाची उशीही चालते, असा तिचा अर्थ. या म्हणीत कोंडा म्हणजे अगदी हलकी वस्तू. पण तो खरोखरच हलका आहे का?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची गोष्ट. जावा बेटावर बेरीबेरी नावाचा रोग पसरला होता. रोग्याच्या पायांतील शक्ती जाई, हृदय दुबळे होई. पुष्कळ माणसे दगावत. क्रिस्तियान आइकमान हे डच डॉक्टर बटाव्हिया, म्हणजे आजच्या जकार्ता शहरात, या रोगाचे कारण शोधत होते. प्रयोगासाठी त्यांनी कोंबड्या पाळल्या होत्या. एकदा त्या कोंबड्या लटपटू लागल्या. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या! चौकशी केल्यावर कारण कळले. आजारपणाच्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातील पांढऱ्याशुभ्र तांदळाचा भात मिळत होता. पुढे नवा स्वयंपाकी आला. त्याने लष्कराचा भात कोंबड्यांना देण्याचे नाकारले. मग त्यांना कोंडा न काढलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या.

तांदळाच्या कोंड्यात बी-१ जीवनसत्त्व असते, हे पुढे इतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

गव्हाचेही असेच आहे. मैदा करताना गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकतात. उरतो तो केवळ पिठूळ भाग. ज्वारी, बाजरी, नाचणी मात्र आपण सबंध दळतो. म्हणून भाकरीत धान्याचा सगळा कस राहतो. बाजरीत लोह असते, नाचणीत कॅल्शियम असते. कोंड्यातील चोथ्यामुळे अन्न सावकाश पचते. रमजानमध्ये सहरीला भाकरी खाल्ली, तर भूक उशिरा लागते ती यामुळेच.

मुलांनो, मधल्या सुट्टीत काही मुले डब्यातली भाकरी झाकून खातात आणि मैद्याची बिस्किटे मात्र मिरवतात. भाकरीची लाज कशाला? ती सर्वांसमोर, शांतपणे, नीट चावून खा. घरी पीठ चाळल्यावर उरलेला कोंडा फेकू नका, पुन्हा पिठात मिसळा. बटाव्हियाच्या कोंबड्यांना जे उमगले नाही, ते आपल्याला तर समजले आहे!

स्वाध्याय
१. कोंबड्या कशामुळे बऱ्या झाल्या?
२. मैदा करताना गव्हातील कोणते भाग काढून टाकतात?
३. तुमच्या घरी कोणकोणती धान्ये सबंध दळतात? आईला विचारून यादी करा.