पाचव्या मजल्यावरचे हत्ती

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बास्केटबॉलचा सामना रंगात येतो, तेव्हा खेळाडूंच्या पायांखाली बर्फ असतो. खराखुरा, इंच-सव्वा इंच जाडीचा, आइस हॉकीचा बर्फ. सिमेंटच्या जमिनीत नळ्यांचं जाळं पुरलेलं आहे आणि त्यातून अतिथंड द्रव सतत खेळवला जातो. नुसता बर्फ पारदर्शक असतो, खालचं सिमेंट दिसेल. म्हणून आधी पातळ थर गोठवायचा, त्यावर पांढरा रंग फवारायचा, मैदानाच्या रेषा रंगवायच्या आणि वर पुन्हा पाणी सोडून गोठवायचं. रेषा बर्फाच्या पोटात राहतात. हंगामात रोज उठून हा बर्फ कोण वितळवणार? ‘रेंजर्स’ची हॉकी आटोपली की रात्रपाळीची माणसं त्यावर थंडी अडवणाऱ्या जाड फळ्या अंथरतात, वर लाकडी जमिनीचे चौकोनी तुकडे एकमेकांत अडकवत जातात, बास्केट उभ्या करतात, खुर्च्या मांडतात. काही तासांत तिथे ‘निक्स’चं मैदान तयार!

आणि हे सगळं चालतं रस्त्यापासून पाचेक मजले उंचीवर. खाली पेन स्टेशन आहे. वर जवळजवळ 20 हजार माणसं ओरडत असताना तळघरातल्या फलाटांवर न्यू जर्सीच्या आणि लाँग आयलंडच्या लोकल सुटत असतात. छप्पर पाहिलं की आणखी नवल वाटतं. सुमारे 400 फूट व्यासाचं गोल सभागृह, मध्ये एकही खांब नाही. कडेच्या गोल कड्यापासून मधल्या लहान कड्यापर्यंत पोलादी दोर ताणलेत आणि त्यांवर छत टांगलंय. चौघांनी कडा धरून ताणलेल्या चादरीसारखं ते मधे किंचित झुकलेलं असतं. दोर आत खेचतात, बाहेरचं कडं ती ओढ सोसतं.

इथे सर्कस यायची तेव्हा हत्तींची सोय काय? रिंगलिंग ब्रदर्सचे हत्ती मध्यरात्री, रहदारी थांबवून, एकमेकांच्या शेपट्या सोंडेत धरून ईस्ट रिव्हरखालच्या बोगद्यातून चालत मॅनहॅटनमध्ये शिरायचे. मग गार्डनचा चढ चढून वर. 2016 मध्ये त्या सर्कशीने हत्तींचे खेळ बंद केले. प्राण्यांच्या दृष्टीने बरंच झालं. पण बोगद्यातून बाहेर पडणारी ती रांग बघायला रात्री जागणारे न्यूयॉर्ककर दरवर्षी असायचे.

या गार्डनचं आणि रेल्वेचं नातं जुनं. मॅडिसन चौकाजवळ एका रेल्वे कंपनीचा डेपो होता. 1871 मध्ये ग्रँड सेंट्रल डेपो उघडला आणि ही जागा रिकामी पडली. सर्कसवाला बार्नम याने ती भाड्याने घेऊन तिथे रथांच्या शर्यती लावल्या. नंतर गिलमोर नावाचा बँडमास्तर आला. 1879 मध्ये व्हँडरबिल्ट घराण्याने जागा परत ताब्यात घेऊन तिचं आजचं नाव ठेवलं. उघड्या आभाळाखालचं ते गार्डन दहाच वर्षं टिकलं. 1890 मध्ये त्याच जागी स्टॅनफर्ड व्हाइट या वास्तुकाराने दुसरं बांधलं, स्पेनमधल्या सेव्हिलच्या मनोऱ्याच्या धर्तीवर उंच मनोरा असलेलं. मनोऱ्यावर डायना देवीची विवस्त्र मूर्ती वाऱ्याबरोबर फिरायची. पहिली 18 फुटी मूर्ती फारच मोठी दिसू लागली म्हणून उतरवली आणि 13 फुटांची बसवली. 1906 च्या जूनमध्ये व्हाइट याच इमारतीच्या गच्चीवरच्या नाट्यगृहात खेळ बघत बसला असताना हॅरी थॉ या श्रीमंताने त्याला गोळ्या घातल्या. काही प्रेक्षकांना हा नाटकाचाच भाग वाटला.

मला मात्र त्या खुनापेक्षा सायकलींचं वेड जास्त चकित करतं. गार्डनमध्ये सहा-सहा दिवसांच्या शर्यती व्हायच्या. एकटा स्वार, झोपेविना, गोल गोल. माणसं भ्रमिष्ट व्हायची, सायकलवरून कोसळायची आणि तेच बघायला गर्दी लोटायची. शेवटी 1898 मध्ये कायदा झाला: एका स्वाराने दिवसात 12 तासांहून जास्त सायकल चालवायची नाही. आयोजक काही कमी नव्हते. त्यांनी दोघांची जोडी केली, म्हणजे शर्यत 24 तास चालूच! यातूनच ऑलिंपिकमधला ‘मॅडिसन’ हा सायकलिंगचा प्रकार निघाला. भरधाव जाणारा स्वार जोडीदाराचा हात पकडतो आणि त्याला पुढे भिरकावून देतो. आपला वेग त्याला देऊन टाकतो.

1925 मध्ये दुसरं गार्डन पाडलं. तिसरं आठव्या अव्हेन्यूवर, टेक्स रिकार्ड या मुष्टियुद्धाच्या ठेकेदाराने 249 दिवसांत उभं केलं. दिसायला अगदी ओबडधोबड, पण 43 वर्षं चाललं. 20 फेब्रुवारी 1939 ला अमेरिकेतल्या नाझी समर्थकांनी इथेच 20 हजारांची सभा भरवली होती. अशा जागेला मालकाचं भाडं कळतं, भाडेकरूची जात नाही. 1962 मध्ये त्याच छताखाली मेरिलिन मन्रोने राष्ट्राध्यक्ष केनेडींसाठी वाढदिवसाचं गाणं म्हटलं.

सध्याचं, चौथं गार्डन फेब्रुवारी 1968 मध्ये उघडलं, आणि त्यासाठी 1910 चं देखणं पेन स्टेशन जमीनदोस्त झालं. ते बांधलं होतं दुसऱ्या गार्डनच्या व्हाइटच्याच फर्मने. लोक इतके हळहळले, की 1965 मध्ये शहराने वारसा इमारती वाचवणारा कायदा केला.

8 मार्च 1971 ला इथे जो फ्रेझरने मुहम्मद अलीला हरवलं. रिंगच्या कडेला ‘लाइफ’ मासिकासाठी फोटो काढत होता चक्क फ्रँक सिनात्रा. त्याच वर्षी 1 ऑगस्टला पंडित रविशंकर, अली अकबर खाँ आणि मुंबईचे उस्ताद अल्लारखा याच मंचावर बसले. पूर्व बंगालमधल्या निर्वासितांसाठी रविशंकरांनी मित्र जॉर्ज हॅरिसनला गळ घातली होती. वाद्यं जुळवून झाली आणि प्रेक्षकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या! पंडितजींनी हसत सांगितलं, की जुळवणीच एवढी आवडली असेल तर वादन आणखी आवडेल. दोन खेळांना मिळून सुमारे 40 हजार लोक आले आणि तिकिटांचे जवळपास 2 लाख 43 हजार डॉलर युनिसेफला गेले. त्या साली नोव्हेंबरपासून आपल्याकडे प्रत्येक पाकिटावर निर्वासित मदतीचं 5 पैशांचं जादा तिकीट चिकटवावं लागे. ते आठवणारे वाचक अजून असतील.

आता पेच वेगळाच आहे. गार्डनचा भार पेलणारे खांब थेट पेन स्टेशनच्या फलाटांमध्ये उतरलेत. फलाट अरुंद, जिने चिंचोळे, छत बुटकं. खांब हलवल्याशिवाय स्टेशन मोकळं होत नाही. म्हणून 2013 मध्ये शहराने गार्डनला तिथे राहायची 10 वर्षांचीच परवानगी दिली आणि 2023 मध्ये आणखी 5 वर्षांची. मालकांचा हलायचा इरादा नाही. गायक बिली जोएलने इथे महिन्यामागून महिने गाऊन जुलै 2024 मध्ये आपला 150 वा कार्यक्रम केला, 2025 मध्ये वेस्टमिन्स्टरचं श्वानप्रदर्शन परत आलं, आणि वकिलांचे अर्ज-विनंत्या चालू असताना फळ्या अंथरणाऱ्यांची रात्रपाळीही चालूच आहे.