मोहाची दारू : कुळ, वर्ग आणि काही हट्टी गैरसमज

अनोळखी दारूची बाटली समोर आली की पहिला प्रश्न येतो, ‘ही कुठली?’ त्याच्या उत्तराने फारसे काही कळत नाही. थायलंडची ‘मेखाँग’ कित्येक पर्यटक व्हिस्की समजून पितात. प्रत्यक्षात ती बहुतांशी उसाच्या मळीची असते, त्यात थोडा तांदूळ आणि मसाले, म्हणजे तिचे नाते रमशी. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त ‘व्हिस्की’ही मळीच्या स्पिरिटवरच उभ्या आहेत, युरोपीय संघात त्यांना व्हिस्की हे नाव लावता येत नाही. विचारायचे ते तीनच प्रश्न : साखर कशातून आली, ती आंबवली कशी आणि गाळली कशी?

जबलपूरच्या माणसाला हे प्रश्न विचारून पाहायला परदेशी बाटली लागत नाही. मंडला-डिंडोरीच्या वाटेवर मार्च-एप्रिलमध्ये ज्याचा वास हवेत भरून राहतो, तो मोह, हिंदीतला महुआ, पुरेसा आहे. गावाशेजारचीच ही दारू, पण शहरातल्या आपल्या मराठी घरांत तिच्याबद्दल जितके चुकीचे बोलले जाते तितके स्कॉचबद्दलही बोलले जात नसेल.

गैरसमज : दुकानातली ‘देशी’ म्हणजेच महुआ.

नाही. मध्य प्रदेशात ‘प्लेन’ आणि ‘मसाला’ म्हणून विकली जाणारी देशी ही कारखान्यातल्या स्पिरिटमध्ये पाणी घालून बनते. मोहाच्या फुलाशी तिचा संबंध नाही. महाराष्ट्रातली हातभट्टीही आज बहुतेक ठिकाणी काळा गूळ आणि नवसागराची असते. मोहाची दारू वेगळ्या कुळातली. मोह हे चिकूच्या कुळातले झाड. त्याची मांसल फुले रात्री-पहाटे आपोआप गळतात, बायका-मुले सकाळी ती वेचतात, उन्हात वाळवतात. वाळल्या फुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते. म्हणून फुले पाण्यात भिजवली की त्यांच्यावरच्या नैसर्गिक यीस्टनेच काही दिवसांत आंबतात.

वर्गवारीची गोम इथेच आहे. तांदळात पिठूळ पदार्थ असतो, थेट साखर नाही. त्यामुळे लाओसची ‘लाओ-लाओ’ करायची तर आधी बुरशी-यीस्टची वाळवलेली गोळी घालून पिठाची साखर करावी लागते. इंडोनेशियात तिला ‘रागी’ म्हणतात, आणि झारखंडच्या आदिवासींची हंडिया ज्या ‘रानू’ गोळ्यांनी बनते, त्यामागचे तंत्रही तेच. मोहाला गोळीची गरज नाही. तेव्हा तो तांदळाच्या दारूंपेक्षा फिलिपिन्सच्या नारळाच्या ताडीपासून गाळलेल्या ‘लांबानोग’ला जवळचा, आणि आपल्या गोव्याच्या काजूफेणीला. या तिन्हींत साखर झाडाने आयती दिलेली असते. फरक एवढाच, की फेणी फळाची, लांबानोग रसाची आणि मोह फुलाचा. फुलाच्याच साखरेतून उतरलेल्या दारू जगात मोजक्याच, त्यामुळे मोहाला ब्रँडी किंवा रमच्या रांगेत ढकलू नये. त्याचा वर्ग स्वतंत्र मानावा.

गैरसमज : फूल गोड, म्हणून दारूतही साखर.

साखर वाफेबरोबर वर जात नाही. गाळलेल्या मोहात साखर नसते. मद्यार्काबरोबर वर येतो तो फक्त वास. जिभेला ती कोरडी लागते, नाकाला गोड. अनेकांचा गोंधळ या विसंगतीतून होतो.

गैरसमज : पहिल्या धारेची तीच शुद्ध.

मराठीत हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की कुणी तपासून पाहत नाही. पहिली धार सर्वांत कडक असते, हे खरे. पण तिच्यात नाकाला झोंबणारे हलके घटकही सर्वाधिक असतात. जाणता गाळणारा सुरुवातीचा थोडा भाग बाजूला काढतो, मधला ठेवतो, शेवटचा पाणचट, आंबूस भाग सोडतो. गावातल्या भट्टीत मडक्यावरच्या भांड्यातले थंड पाणी किती वेळा बदलले यावरून कडकपणाचा अंदाज घेतात. हे कसब हाताचे आहे, आणि ते बहुतेक घरांत बायकांकडे असते.

गैरसमज : पेटवली, निळी ज्योत आली, म्हणजे सुरक्षित.

हा सर्वांत घातक समज. मिथेनॉलही फिकट निळ्या ज्योतीनेच जळते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ती मिथेनॉलमुळेच. फुले आंबवताना मिथेनॉल अगदी थोडे तयार होते. सामूहिक विषबाधा होते ती नफ्यासाठी औद्योगिक मिथेनॉल मिसळल्याने. ते ज्योतीने ओळखता येत नाही, वासानेही नाही, आणि पहिली धार ओतून दिल्याने पुरते निघतही नाही.

मग मोह बदनाम कसा झाला? इंग्रजांच्या अबकारी महसुलाला घरगुती भट्टी नको होती. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला आणि १८९२ च्या मोहरा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले गोळा करण्या-विकण्यावरही बंधने घातली. ज्या आदिवासी घरांत पितरांना आधी जमिनीवर थेंब सोडल्याशिवाय प्याला तोंडाला लागत नाही, त्यांचे नैवेद्याचे द्रव्य गुन्हा ठरले. हा अन्याय आहे आणि तसा तो स्पष्टपणे म्हटला पाहिजे. मध्य प्रदेश सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये महुआला ‘हेरिटेज’ दारूचा दर्जा देण्याची घोषणा केली. त्यानंतर डिंडोरीची ‘मोहुलो’ आणि अलिराजपूरची ‘मोंड’ ही आदिवासी बचत गटांची बाटलीबंद दारू आली. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीजनेही ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ आणली.

चव घ्यायची तर निमुळत्या तोंडाच्या लहान ग्लासात, बर्फाशिवाय. नाक ग्लासात खुपसू नका. थोडे लांब धरून वास घ्या. ओल्या फुलांचा, पिकल्या फळाचा वास येईल. धूर आणि मातीचा वास आला तर फुले झाडाखालची पाने जाळून साफ केलेल्या जमिनीवरून वेचलेली असू शकतात. झाडाखाली जाळी बांधून गोळा केलेल्या फुलांची दारू स्वच्छ लागते. आणखी एक : दोन थेंब पाणी घातले की वास मोकळा होतो. सोड्यात किंवा कोल्ड्रिंकमध्ये बुडवून तिची पारख करू नका.

गैरसमज : औषधी आहे, म्हणून निरुपद्रवी.

फूल पौष्टिक आहे, भाकरीत आणि लाडवात खाल्ले जाते. दारू झाली की ती दारूच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच पहिल्या गटातला कर्करोगकारक ठरवले आहे. न पिणाऱ्याने चवीच्या कुतूहलापायी सुरुवात करण्याचे कारण नाही.

ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी परवानाधारक दुकानातून सीलबंद बाटली घ्यावी, लेबलवर मोहाचे फूल हाच कच्चा माल आहे का ते वाचावे, आणि बचत गटाची मिळत असेल तर ती आधी मागावी. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, म्हणून तिकडच्या नातेवाइकांसाठी जबलपूरहून ती भेट म्हणून नेऊ नये.